झाड हलवलं, हिरवं पान गळलं!

मोबाइलवर एखादं पान उघडायला जावं आणि मधोमध ते छोटंसं चक्र नुसतं गरगर फिरत राहावं, असं तुमच्या बाबतीत कितीदा तरी झालं असेल. ‘नेट स्लो आहे,’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण दर वेळी दोष नेटचाच असतो असं नाही, बरं का! कधी कधी ते पानच इतकं जड असतं, की बिचारं धापा टाकत टाकत येतं. मग ज्यांनी ते बनवलं, ती मंडळी त्याला हलकं करायच्या मागे लागतात. नको असलेलं सामान काढून टाकतात. आणि एखाद्या वेळी या झाडलोटीत हवं तेच केराच्या टोपलीत जातं! हे कसं होतं, का होतं, आणि हरवलेलं शोधताना भल्या भल्या प्रोग्रामरांची कशी तारांबळ उडते, ते आज सांगणार आहे. विषय संगणकाचा आहे खरा, पण कागदाच्या आठ चिठ्ठ्या आणि एक पेन्सिल एवढ्यावर तुम्हाला तो कळेल. आईबाबांनीही सोबत वाचायला हरकत नाही.

वाटीभर साखर आणि अख्खं स्वयंपाकघर

पडद्यावरचं कुठलंही पान मुख्यतः तीन गोष्टींचं बनतं. एक म्हणजे मजकूर आणि त्याचा सांगाडा. तो एचटीएमएल नावाच्या भाषेत लिहितात. दुसरं म्हणजे रंगरूप. अक्षर केवढं, बटण हिरवं की निळं, चित्र डावीकडे की उजवीकडे, हे सारं सीएसएस नावाच्या भाषेत सांगतात. आणि तिसरी गोष्ट हालचाल. बटण दाबलं की यादी उघडते, फॉर्ममध्ये फोन नंबर नऊच आकडी लिहिला की लाल अक्षरांत सूचना येते. ही करामत जावास्क्रिप्टची.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत तयार केली. तिचा पहिला नमुना त्यांनी म्हणे दहा दिवसांत उभा केला! तेव्हा तिच्याकडून अपेक्षा फार नव्हत्या. फॉर्ममधली एखादी चौकट रिकामी तर नाही ना, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. पण पुढे तिचा संसार वाढत वाढत इतका वाढला, की आज नकाशे, खेळ, चित्रं काढायच्या वह्या, हिशेबाचे तक्ते, सगळं तिच्याच जोरावर चालतं.

आता एवढं सगळं कोणी एकटा थोडंच लिहितो? काही आज्ञा दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या असतात. त्यांचे तयार संच मिळतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. लोडॅश नावाचा असा एक प्रसिद्ध संच आहे. त्यात शेकडो फंक्शनं आहेत. फंक्शन म्हणजे नाव दिलेली एक छोटीशी कृती. ‘यादी उलटी कर’, ‘सर्वांत मोठी संख्या शोध’, अशी. समजा, तुम्हाला त्यातलं एकच फंक्शन हवं आहे. तेवढ्यासाठी अख्खा संच पानाला जोडला, तर काय होईल? शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर मागायला जावं आणि त्यांचं सगळं स्वयंपाकघरच उचलून आणावं, तसं होईल! ते ओझं मग पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या फोनपर्यंत जातं. ज्याच्या हातात नवा महागडा फोन आहे, त्याला ते जाणवतही नाही. ज्याचा फोन जुना आणि रेंजची एकच दांडी, त्याच्यापुढे मात्र ते चक्र गरगरत राहतं.

म्हणून प्रोग्रामर लोक एक साधन वापरतात. त्याचं नाव बंडलर. मराठीत अगदी सरळ सांगायचं तर गाठोडं बांधणारा! पानाला लागणाऱ्या शेकडो फाइली हा गोळा करतो आणि त्यांचं एक नीट गाठोडं बांधून देतो. टोबियास कोपर्स यांचा वेबपॅक २०१२ मध्ये आला, रिच हॅरिस यांचा रोलअप २०१५ मध्ये, एव्हन वॉलेस यांचा ईएसबिल्ड २०२० मध्ये. असे आणखीही पुष्कळ आहेत. चांगला गाठोडेवाला नुसतं बांधत नाही. बांधताना तो बघतो, की यातलं काय कधीच वापरलं जाणार नाही? ज्या आज्ञा कधीच चालणार नाहीत किंवा चालूनही ज्यांचा कुणाला उपयोग नाही, त्यांना म्हणतात डेड कोड, म्हणजे मृत आज्ञा. तो त्या बाहेर टाकतो.

या कामाला प्रोग्रामरांनी मोठं गोड नाव दिलंय. ट्री शेकिंग, म्हणजे झाड हलवणं. झाड गदागदा हलवलं की वाळलेली पानं गळतात आणि हिरवी फांदीला धरून राहतात, ही त्यामागची कल्पना. हा शब्द लिस्प नावाच्या जुन्या संगणकभाषेच्या कारागिरांकडून आला. जावास्क्रिप्टच्या जगात तो गाजला रोलअपमुळे.

चला, झाड हलवू या

आता चिठ्ठ्या घ्या. सात चिठ्ठ्यांवर ही नावं लिहा : मुख्य, तारीख, बेरीज, गुणाकार, महिन्यांची नावं, आलेख, नकाशा. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक फाइल समजा. त्या जमिनीवर मांडा. आठवी कोरी चिठ्ठी बाजूला ठेवा, ती नंतर लागेल.

आता बाण काढायचे. ‘मुख्य’ला ‘तारीख’ लागते आणि ‘बेरीज’ लागते, म्हणून ‘मुख्य’पासून त्या दोघींकडे खडूने बाण काढा. ‘तारीख’ला ‘महिन्यांची नावं’ लागतात. तिकडे एक बाण. ‘आलेख’ला ‘गुणाकार’ लागतो. तोही बाण काढा. ‘नकाशा’ला कोणी नाही आणि तो कोणाचा नाही.

आता ‘मुख्य’वर बोट ठेवा आणि तिच्यावर पेन्सिलने खूण करा. बाणावरून चालत जा. जिथे पोचाल, तिथे खूण. तिथून पुढे बाण असेल तर आणखी पुढे. सगळे रस्ते संपले की थांबा. खूण कुणाकुणावर झाली? मुख्य, तारीख, बेरीज, महिन्यांची नावं. राहिले कोण? गुणाकार, आलेख, नकाशा. या तिघांना उचलून ठेवा. झालं! झाड हलवलं.

इथे एक गंमत तुमच्या लक्षात आली का? ‘गुणाकार’कडे तर बाण होता! तरी तो गळला. कारण त्याला बोलावणारा ‘आलेख’च मुळात कुणाला नको होता. चौथी-पाचवीची मुलं हा खेळ पाच मिनिटांत शिकतात, आणि बंडलर आतून थोडंफार हेच करत असतो. फक्त चिठ्ठ्या सातऐवजी सात हजार असू शकतात.

पण बाण कुठे आहेत, हे बंडलरला कसं कळतं? त्याची सोय २०१५ साली झाली. त्या वर्षी जावास्क्रिप्टच्या नियमावलीची नवी आवृत्ती निघाली, आणि एका फाइलीतून दुसरीतली गोष्ट कशी मागायची याची ठरलेली रीत त्यात आली. फाइलीत स्पष्ट लिहायचं : ‘तारीख’ फाइलीतून ‘आजचा वार’ घे. नाव ठरलेलं, जागा ठरलेली, त्यात जर-तर नाही. त्यामुळे प्रोग्राम प्रत्यक्ष न चालवता, नुसता वाचूनच बंडलरला बाण काढता येतात. त्याआधीच्या जुन्या रीतीत कुठली फाइल आणायची हे प्रोग्राम चालू असतानाही ठरवता यायचं. मग आधीच बाण काढणार कसे?

आठवी चिठ्ठी

आता ती कोरी चिठ्ठी घ्या. तिच्यावर लिहा ‘रंग’.

‘रंग’ या फाइलीत कुठलंही फंक्शन नाही. तिच्याकडून कुणी काही नाव घेऊन मागत नाही. ‘मुख्य’मध्ये फक्त एवढंच लिहिलंय : ‘रंग’ फाइल आण. बस्स. पण ती आली, की येता येताच सगळ्या पानाला रंग फासते. शीर्षक निळं, बटणं गोल, मागे फिकट पिवळा पडदा. लग्नघरात सनईवाल्याला कुणी ‘जरा पाणी आण’, ‘जरा ताट वाढ’ असं सांगत नाही. कामाच्या यादीत शोधलंत तर त्याच्या नावापुढे एकही काम दिसणार नाही. पण तो नसला तर? अशा, नुसत्या येण्यानेच काही तरी करून जाणाऱ्या आज्ञांच्या कामाला साइड इफेक्ट म्हणतात. औषधाच्या साइड इफेक्टसारखं हे वाईटच असतं असं मुळीच नाही. कित्येकदा तेच खरं काम असतं.

बंडलर बनवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. त्यांनी पहिल्यापासून सावध नियम ठेवला होता. एखादी फाइल येताना काही करत असेल, असा नुसता संशय आला तरी ती ठेवायची. पण या सावधपणाची किंमत होती. संशय तर पुष्कळ फाइलींचा येतो! त्यामुळे नको असलेलं सामानही गाठोड्यात राहायचं आणि गाठोडं जडच्या जडच.

म्हणून फेब्रुवारी २०१८ मध्ये वेबपॅकच्या चौथ्या आवृत्तीने एक युक्ती काढली. प्रत्येक संचासोबत त्याची माहिती देणारी एक छोटी फाइल असतेच. तिच्यात लिहिणाऱ्याने एक ओळ टाकायची : ‘साइड इफेक्ट्स : नाहीत.’ म्हणजे काय, तर ‘माझ्या संचातली कुठलीही फाइल गुपचूप काही करत नाही, हे मी सांगतो. नाव घेऊन मागितली नसेल तर खुशाल टाकून दे.’ वेबपॅकने या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि संशय न घेता झाड हलवायचं. युक्ती झकास होती. संच लिहिणाऱ्यांनी ती ओळ टाकली, आणि गाठोडी भराभर हलकी झाली.

आता पुढे काय झालं असेल, ओळखा पाहू!

एखाद्या प्रोग्रामरने आपल्या कामात ती ओळ टाकली. पान हलकं होतं म्हणतात ना, मग टाकू या. त्याच्या डोक्यात त्याची फंक्शनं होती. ती खरोखरच गुणी होती, गुपचूप काही करणारी नव्हती. पण आपण सीएसएसची फाइलसुद्धा तशीच ‘आण’ म्हणून मागवली आहे, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. बंडलरने पाहिलं : ‘रंग’कडून कुणी नाव घेऊन काही मागितलेलं नाही. आणि मालकच लिहून देतोय, की इथे साइड इफेक्ट नाहीत. दिली टाकून! पान उघडलं ते उघडंबोडकं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, निळे अधोरेखित दुवे, बटणं कुठल्या कुठे पसरलेली.

हे इतक्या जणांच्या बाबतीत झालं, की वेबपॅकच्या माहितीपुस्तिकेतच तशी सूचना आहे : सीएसएसच्या फाइली वापरत असाल तर त्यांची नावं त्या ओळीत अपवाद म्हणून लिहा, नाही तर त्या चुकून गळतील.

आणि याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. नाटकाची तालीम आणि प्रयोग यांत फरक असतो ना? तसे बंडलरचे दोन प्रकार असतात. काम चालू असताना प्रोग्रामर तालमीचा प्रकार वापरतो. त्यात सगळं भराभर दिसावं म्हणून फार छाटाछाट करत नाहीत. लोकांसाठी पान सोडायचं, तेव्हा प्रयोगाचा प्रकार. वेबपॅकच्या त्या चौथ्या आवृत्तीत ही झाडलोट आपोआप व्हायची ती प्रयोगाच्या प्रकारात. म्हणजे प्रोग्रामरच्या टेबलावर पान कसं? रंगीबेरंगी, देखणं! आणि लोकांच्या फोनवर? उघडंबोडकं. लोक तक्रार करतात आणि तो मान हलवून म्हणतो, “माझ्याकडे तर नीट दिसतंय.” तो खोटं बोलत नसतो.

दारावरची थाप

रंग गेले तर पान निदान वाचता तरी येतं. दुसरा एक प्रकार मला जास्त काळजीचा वाटतो.

सगळ्यांचे फोन काही नवे नसतात. एखादी नवी सोय नव्या ब्राउझरमध्ये असते, जुन्यात नसते. मग शहाणा प्रोग्रामर काय करतो? आधी दारावर थाप मारून बघतो. तो लिहितो : ‘ही नवी सोय वापरून पाहा. चूक आली, तर फोन जुना आहे असं समज आणि जुन्या पद्धतीने काम कर.’ आता नीट बघा. थाप मारून जे मिळालं, त्याचं पुढे काहीच करायचं नसतं. थाप फक्त ‘ओ’ येते की नाही हे पाहायला असते.

झाड हलवणारा बंडलर या ओळीपाशी येतो. तो म्हणतो, ‘सोय वापरली, पण मिळालेलं उत्तर कुणीच घेतलं नाही. आणि ही सोय तर नियमावलीत आहे, म्हणजे ती चालणारच. मग ही ओळ निरुपयोगी.’ ओळ गेली! थाप गेली, म्हणून चूक कधीच येत नाही. चूक येत नाही, म्हणून प्रत्येक फोन नवाच ठरतो. आणि जुन्या फोनवर पान पुढे जाऊन जिथे ती सोय खरोखर लागते, तिथे कोसळतं.

म्हणजे बघा, जुन्या फोनवाल्यांसाठी मुद्दाम लिहिलेली ओळ गेली, आणि ती गेल्याचं नव्या फोनवाल्या प्रोग्रामरला कधी दिसणारच नाही! समजा, अर्ज भरायचा शेवटचा दिवस आहे, तारीख निवडायची चौकट उघडतच नाही, आणि घरात फोन एकच. त्या घरातल्या माणसाने काय करायचं?

रोलअपच्या कर्त्यांनी यावर सरळ तोडगा काढला. ‘प्रयत्न कर, चूक आली तर सांभाळ’ अशा चौकटीत लिहिलेल्या आज्ञांना ते आपणहून हातच लावत नाहीत. आतलं झाड हलवायचंच असेल, तर प्रोग्रामरने तसं वेगळं सांगावं लागतं. गाठोडं थोडं जड राहतं. राहू दे! माझ्या मते हा निर्णय अगदी योग्य आहे.

बंडलरला जास्त अक्कल का देत नाहीत?

तुमच्यापैकी कुणी तरी हा प्रश्न नक्की विचारणार. एवढे हुशार लोक आहेत, तर कुठली आज्ञा मृत आणि कुठली जिवंत हे अचूक ओळखणारा बंडलर का बनवत नाहीत?

त्यासाठी एक गणित करू. ६ ला पूर्ण भाग कोणकोणत्या संख्यांनी जातो? १, २, ३ आणि खुद्द ६ ने. खुद्द ६ सोडून बाकीच्यांची बेरीज करा : १ + २ + ३ = ६. आली ना परत तीच संख्या! २८ घ्या : १ + २ + ४ + ७ + १४ = २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. पुढच्या आहेत ४९६ आणि ८१२८. आजवर सापडलेल्या सगळ्या परिपूर्ण संख्या सम आहेत. विषम एकही नाही. १ वर दीड हजार शून्यं दिल्यावर जी संख्या होते, तिथपर्यंत एकही विषम परिपूर्ण संख्या नाही, हे २०१२ साली सिद्ध झालं. पण त्याच्या पलीकडे आहे का? जगात कुणालाच माहीत नाही.

आता मी एक प्रोग्राम लिहिते : ‘१ पासून एकेक विषम संख्या तपास. परिपूर्ण सापडली की घंटा वाजव.’ सांगा, घंटा वाजवणारी ओळ मृत की जिवंत? ज्या प्रश्नाने इतकी वर्षं गणितज्ञांना घाम फोडला, त्याचं उत्तर बिचाऱ्या बंडलरने एका क्षणात द्यायचं का?

आणि हे एका घंटेपुरतं नाही. ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९३६ साली, जेमतेम चोविशीत असताना, आजच्यासारखे संगणक जन्मायच्याही आधी, एक विलक्षण गोष्ट सिद्ध केली. एखादं यंत्र अमुक एक चिन्ह कधी तरी छापेल की कधीच छापणार नाही, हे प्रत्येक यंत्राबद्दल अचूक सांगणारी एकच एक रीत असूच शकत नाही. सापडलेली नाही असं नव्हे, असूच शकत नाही! ‘ही ओळ कधी चालेल का?’ हा आपला प्रश्न त्याचाच सख्खा भाऊ. त्यामुळे अचूक बंडलर कधीच बनणार नाही. जे बनतात, त्यांना कुठे तरी ‘खात्री नाही, म्हणून ठेवतो’ म्हणावं लागतं, नाही तर माणसाच्या शब्दावर विसंबावं लागतं.

ही अडचण फक्त जावास्क्रिप्टवाल्यांची आहे असंही नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स असतं. त्या लिनक्समधला एक भाग २००९ मध्ये असाच फसला. तिथे प्रोग्रामरने क्रम उलटा लिहिला होता. आधी डब्यात हात घातला आणि मग विचारलं, ‘डबा आहे ना?’ प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा जीसीसी म्हणाला, ‘ज्या अर्थी हात घातलाय, त्या अर्थी डबा आहेच. मग हा प्रश्न कशाला?’ आणि त्याने तो प्रश्न पुसून टाकला! तर्क बरोबर, परिणाम भयंकर. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात एकाने दाखवून दिलं, की या फटीतून साधा वापरणारा माणूस सगळ्या संगणकाचा मालक होऊ शकतो. मग क्रम दुरुस्त झाला, आणि लिनक्स तयार करताना ‘असे प्रश्न पुसायचे नाहीत’ अशी ताकीद जीसीसीला देण्यात आली.

मग काढूच नये का काही?

असं वाटेल खरं. पण १ ऑगस्ट २०१२ चा दिवस ऐका. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअरचे व्यवहार करणारी कंपनी होती. तिच्या प्रोग्राममध्ये २००३ पासून बंद पडलेला एक भाग तसाच पडून होता. असू दे, कुणाला त्रास देतोय! पुढे नव्या कामासाठी त्या जुन्याच भागाचं बटण वापरायचं ठरलं. आठ संगणकांवर नवा प्रोग्राम घालायचा होता. सात झाले, आठवा राहिला. सकाळी बाजार उघडला, बटण चालू झालं, आणि आठव्या संगणकावर नऊ वर्षं झोपलेला तो जुना भाग खडबडून जागा झाला. पंचेचाळीस मिनिटं तो भराभर खरेदी-विक्री करत सुटला. तेवढ्या वेळात कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. शाळेच्या दीड तासिकेइतका तो वेळ!

हे वाचून ‘मृत आज्ञा राहू द्याव्यात’ असं कोण म्हणेल?

हरवलेलं पान शोधायचं कसं?

आता आपल्या उघड्याबोडक्या पानाकडे परत येऊ. प्रोग्रामरला काही तरी गळलंय हे कळलंय, पण काय गळलंय? प्रयोगाचं गाठोडं उघडून वाचायचं, तर ते वाचण्याजोगं नसतं. जागा वाचावी म्हणून बंडलर आणि त्याचे सोबती लांबलचक नावं कापून अ, ब, क करतात, ओळींमधली मोकळी जागा काढतात. सगळा मजकूर एकाच ओळीत ठासून भरलेला!

मग तो नेहमीची युक्ती करतो. संशय असलेल्या फंक्शनबद्दल एक ओळ टाकतो : ‘हे फंक्शन आहे का, छापून दाखव.’ पुन्हा गाठोडं बांधतो, आणि काय आश्चर्य! पान एकदम नीट चालतं. ओळ काढली की पुन्हा बिघडतं. का बरं? थांबा, लगेच पुढे वाचू नका. चिठ्ठ्यांकडे बघून विचार करा.

सुचलं? ती छापायची ओळ टाकली, तेव्हा त्या फंक्शनचं नाव घेतलं गेलं. नाव घेतलं म्हणजे बाण आला. बाण आला म्हणजे ते गळणार नाही. चोर बघायला दिवा लावावा आणि दिवा लागताच चोर नाहीसा व्हावा, तसा हा प्रकार. या एका कारणाने माणसं रात्र रात्र जागतात.

अनुभवी माणूस म्हणून दुसऱ्या वाटेने जातो. आधी झाड हलवणंच बंद करून पाहतो. तशी सोय असते. ईएसबिल्डमध्ये तर ‘संच लिहिणाऱ्यांनी दिलेल्या वचनांवर विश्वास ठेवू नकोस’ असं सांगायचंही वेगळं बटण आहे! ती वचनं पुष्कळदा चुकीची निघतात, हे त्याच्या कर्त्याने आधीच ओळखलं होतं. हलवणं बंद केल्यावर पान नीट झालं, तर गुन्हा कुठे झाला ते पक्कं झालं. मग गुन्हेगार शोधायचा. समजा १,०२४ फाइली आहेत. एकेक तपासायची नाही. अर्ध्यांना सांगायचं, ‘तुम्हाला हात लावणार नाही’, बाकीच्या ५१२ हलवायच्या. पान बिघडलं, तर गुन्हेगार या ५१२ मध्ये. नाही बिघडलं, तर त्या ५१२ मध्ये. पुन्हा अर्ध्या : २५६. मग १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. गुन्हेगार एकटाच असेल, तर दहा फेऱ्यांत तो हाताशी येतो. आणि सापडल्यावर दुरुस्ती केवढी? बहुतेकदा एका ओळीची. त्या ‘नाहीत’च्या जागी ‘सीएसएसच्या फाइली सोडून नाहीत’ एवढं लिहायचं!

घरी किंवा शाळेत संगणक असेल, तर दादा-ताईला सोबत घेऊन एक गोष्ट करून पाहा. क्रोम ब्राउझरमध्ये कुठलंही पान उघडा आणि एफ-१२ ही कळ दाबा. प्रोग्रामरांच्या कामाची खिडकी उघडेल. त्यात ‘कव्हरेज’ नावाचा एक भाग आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा एकदम दाबून ते नाव टाकलं की तो सापडतो. तो चालू करून पान पुन्हा उघडा. प्रत्येक फाइलीपुढे एक पट्टी दिसेल. पट्टीतला लाल भाग म्हणजे फोनवर किंवा संगणकावर आलेल्या, पण अजून न चाललेल्या आज्ञा. कित्येक पानांत निम्म्याहून जास्त पट्टी लाल असते. ‘बाप रे, एवढा कचरा!’ असं तोंडून निघेल. पण खिडकी लगेच बंद करू नका. पानावरचं एखादं बटण दाबा, यादी उघडा, शोधाच्या चौकटीत काही तरी लिहा, आणि पुन्हा पट्टीकडे बघा. लाल भाग थोडा आखडलेला असेल. आणखी एक बटण दाबा. आणखी थोडा आखडेल.